दंडावरची खसखस

१९ जानेवारी, रविवार

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. इरा स्टुलावर, पाठमोरी. हातात वज्री, माझी, टाचा घासायची. आणि डावा दंड घासून राहिली होती, मळकी कॉलर घासावी तशी. साबणाचा फेस गुलाबी.

मी ओरडले. तीही ओरडली. "मम्मा, नॉक तर कर!"

वज्री हिसकून घेतली. खांद्यापासून कोपरापर्यंत लाल. दोन-तीन ठिकाणी रक्त. काय चाललंय विचारलं तर म्हणे, "हे दाणे काढून राहिले होते." मग टॉवेल गुंडाळून खोलीत, दार बंद.

चौदा वर्षांची पोर. जेवायला आली ती लांब बाह्यांचा स्वेटर घालून. थंडी आहे, कुणाला काय वाटणार. संजयला तर काहीच कळलं नाही, मॅच चालू होती. मीही त्याच्यासमोर विषय काढला नाही.

वज्री माळ्यावर टाकली.

२० जानेवारी, सोमवार

शाळेत केमिस्ट्रीच्या तासाला फळ्यावर एकच समीकरण दोनदा लिहिलं. मुली हसल्या.

मलाही होते हे. तसेच आणि तिथेच, दंडांच्या मागच्या बाजूला, थोडे मांड्यांवर. थंडीत जास्त. हात फिरवला की काचकागद. त्याला काही नाव असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. आई 'काटे' म्हणायची. शेजारच्या काकू 'उष्णता'. आणि बाबा खसखस.

दिवाळीत आई खसखशीवर अनारसे थापायची. बाबा त्यातला एक अलगद उचलायचे, माझ्या दंडाशी धरायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने आईला विचारायचे, "यातला तळायचा कोणता?"

मी चिडायची. आई हसू दाबत म्हणायची, ठेवा तो, मोडेल.

किती वर्षांनी आठवलं हे.

२१ जानेवारी, मंगळवार

इराच्या स्विमिंगच्या सरांचा फोन, मधल्या सुट्टीत. "मैडम, इरा की तबीयत ठीक है ना? संक्रांति के बाद से आई नहीं।"

पण ती तर रोज पहाटे सायकल काढते! बॅग घेऊन जाते. ती परत यायच्या आत मी शाळेला निघालेली असते, त्यामुळे मला पत्ताच नाही.

सरांना म्हटलं, जरा सर्दी आहे. खोटं का बोलले कळलं नाही.

संध्याकाळी तिला विचारलं, कुठे जातेस सकाळी? खाली बघत म्हणाली, "आजीकडे."

२२ जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर तशीच जुनी इंदूरला, आईकडे. बाबा गेल्यापासून एकटी राहते, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. डिसेंबरात मोतीबिंदू काढला, अजून काळा चष्मा लावते घरातसुद्धा.

"येते की," म्हणाली. जशी काही विशेष गोष्टच नाही. "चहात टोस्ट बुडवून खाते. इथे खिडकीत बसते. उजाडलं की जाते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिने मला काही सांगितलं नाही, मी तुला काय सांगू?"

"विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर इथेही यायची बंद झाली असती. मग थंडीत कुठे बसली असती?"

चहा न घेता निघाले. जिन्यात आठवलं, मीही नववीत शाळेतून रडत आले की याच आईच्या शेजारी गप्प बसायची. मटार सोलत. तेव्हाही तिने कधी विचारलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज इराने सांगितलं. मी ओट्याशी पोहे परतून राहिले होते, ती मागे कोथिंबीर निवडत. तोंड समोर नव्हतं म्हणून जमलं असेल.

चेंजिंग रूममध्ये एक नवीन मुलगी आहे. तिने हिच्या दंडाकडे बघून विचारलं, "ये क्या है? फैलता है क्या?" बाकीच्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई सरांशी बोलली. आणि सर इराला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, थोड़े दिन रेस्ट कर लो। साफ हो जाए फिर आ जाना।"

साफ.

आणि मंगळवारी मलाच फोन करून तबीयत विचारत होते! पोहे करपले. गॅस बंद केला. म्हटलं, मी उद्या येते तुझ्याबरोबर, बघते त्यांना.

"तू आलीस ना, तर मी कधीच जाणार नाही. पक्का."

"अगं पण एप्रिलमध्ये तुमचं सिलेक्शन..."

"म्हणूनच तर घासून राहिले होते ना, मम्मा."

सात वर्षांची असल्यापासून पोहते ही मुलगी. पाण्यात गेली की कोणाचं ऐकत नाही, बाहेर काढायला सरांना शिटीवर शिटी वाजवावी लागते. आणि तिला कोणीतरी सांगतं की तू पाणी घाण करशील.

करपलेले पोहे दोघींनी वरून शेव घालून संपवले.

२९ जानेवारी, बुधवार

पलासियाला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई माझ्याच वयाच्या असतील. इराचा दंड बघून आधी विचारलं, "किससे घिसा?" मग मराठी आडनाव बघून मराठीत. नाव सांगितलं, केराटोसिस पिलॅरिस. केसांच्या मुळाशी त्वचेचाच चिवट भाग साठतो, तोंड बंद होतं, दाणा दिसतो. रोग नाही. पसरत नाही, पाण्यातून तर नाहीच नाही. घराण्यात असतं बहुतेक.

"मला होतं," मी म्हटलं. गुन्हा कबूल करावा तसा माझा आवाज.

"मलाही आहे," बाई म्हणाल्या आणि सलवार-सूटची बाही वर केली. इरा बघतच राहिली.

घासून जात नाही, उलट जास्त चिडतं. जखमा भरेपर्यंत काहीच लावायचं नाही. मग आठवड्यातून एक-दोनदा मऊ कपड्याने, अगदी हलक्या हाताने. कढत पाणी बंद. साबण कमी. अंग ओलसर असतानाच क्रीम, त्यात यूरिया आणि लॅक्टिक ॲसिड. पोहून आलं की लगेच साध्या पाण्याने अंग धुवायचं, क्लोरीनने कोरडं पडतं. पोहणं बंद करायची काही गरज नाही.

"पूरा कब जाएगा?" इराने विचारलं.

"कदाचित जाणारच नाही. कमी होईल. महिने लागतील. क्रीम सोडलं की परत येईल. मोठं झाल्यावर बऱ्याच जणांचं आपोआप जातं."

मला वाटलं डॉक्टरीणबाईंनी बाही वर केल्याने बरं वाटलं असेल तिला. पण गाडीत ती एवढंच म्हणाली, "म्हणजे साफ नाही होणार."

९ फेब्रुवारी, रविवार

जखमा भरल्या. आजपासून सुरुवात. आणि आजच आई रिक्षाने हजर. पिशवीत डब्यातून मसुराचं पीठ, आणि अंग घासायची गिलक्याची वाळलेली जाळी. कुठून मिळवली कोण जाणे, गच्चीवरचा वेल कधीच गेला.

"आज मी न्हाऊ घालते इराला."

जाळी हातात घेतली आणि सगळं न्हाणीघर डोळ्यांपुढे. रविवारचा बंब, लाकडाचा धूर, कढत पाणी, सायीत कालवलेलं मसुराचं पीठ. आईचा हात जड. मी किंचाळायची आणि बाबा दाराबाहेरून म्हणायचे, "अगं, वरचा रंग तरी राहू दे." नंतर खोबरेल. मग वरण-भात, वर तूप, आणि झोप. तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. काटे काही गेले नाहीत. पण ते रविवार आठवले की आधी खोबरेलाचा वास येतो, मग दुखणं आठवतं, तेही मुद्दाम आठवायला गेलं तर.

आईला सांगावं लागलं. घासायचं नाही म्हणून सांगितलंय, जाळी तर नकोच.

आईने जाळी माझ्या हातातून घेतली. डबा पिशवीत परत ठेवला. नंतर सावकाश म्हणाली, "म्हणजे मी तुला उगीच सोललं."

"तसं नाही गं आई. तेल बरोबर होतं तुझं."

इराच उठली. स्टूल आणून आजीसमोर ठेवलं, बाह्या वर केल्या. "आजी, घासू नको. नुसतं हे क्रीम लाव. धीरे-धीरे."

आईची बोटं आता वाकडी झालीत सांध्यांपाशी. क्रीम लावताना डोळे मिटले होते. काळ्या चष्म्याआडून तसंही काय दिसत होतं.

मग स्वतःहूनच सांगायला लागली. मला अर्धंच आठवत होतं ते. इथल्याच लालबागची जत्रा. मी पाच-सहा वर्षांची. पाळण्यापाशी गर्दी, आणि दिवे गेले. एकदम काळोख. आईचा हात सुटला माझ्या हातातून. लोक ढकलाढकली करून राहिलेले, पोरं रडत होती, सगळीकडून 'आई, आई'.

"काय करणार? वाकले आणि जी पोर हाताला लागेल तिचा दंड धरून बघत सुटले. एक गुळगुळीत, सोडली. दुसरी गुळगुळीत, सोडली. एकीच्या आईने मला शिवीसुद्धा दिली. मग हे लागलं हाताला." इराच्या दंडावर तिने हात ठेवला. "हे असंच. घट्ट धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही."

इरा म्हणाली, "मग अनोळखी मुलीला पण असते तर?"

"असते तर तिला घेऊन आले असते," आई म्हणाली, "आणि ही राहिली असती तिथेच." हसली. तिघी हसलो. खूप दिवसांनी.

जाताना आईने माझा हात धरला, जिना उतरायला. माझा पदर सरकला होता. तिचा तळवा माझ्या दंडावरून खाली आला, परत वर गेला. थांबली.

"तुझे गेले गं."

गेले होते खरे. कधी ते मला कळलंच नाही. लग्नानंतर? इरा झाल्यावर? एवढी वर्षं ज्यासाठी रडले ते गेलं, आणि माझं लक्ष नव्हतं. आत्ता लिहिताना हात फिरवून बघितला. गुळगुळीत. खुश व्हायला पाहिजे.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. अनारसे तेव्हापासून विकतचे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काही फरक नाही. इरा रोज मोबाइलवर दंडाचा फोटो काढते, रोज तेच. "फालतू आहे हे क्रीम." नळाखाली दोन मिनिटं जास्त घासते हे मला आवाजावरून कळतं. मी दार वाजवते, मग ती थांबते.

काल रात्री संजयला शेवटी सगळं सांगितलं. तो पीथमपूरहून, कामावरून थकून आला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, लेझर वगैरे करून टाकू, खर्चाचं बघू नको. मी म्हटलं, डॉक्टरांनी घरचंच करा म्हटलंय, आपण थांबून राहिलो आहोत. तर हा नाशिकचा माणूस अशा वेळीसुद्धा हसतो, "थांबून राहिलो आहोत! काय गं तुमची इंदुरी मराठी."

भडकले. म्हटलं, तुझ्या मुलीला लोक घाण म्हणून राहिलेत आणि तू माझी मराठी तपासतोस.

नंतर तो इराच्या खोलीत गेला. बराच वेळ होता. काय बोलले दोघांनी सांगितलं नाही. आज सकाळी बघते तर बाथरूममधला कपड्यांचा कडक ब्रश गायब आणि जागी मऊ पंच्याचे तुकडे, नीट कापून घड्या घातलेले. संजयने कधी कात्री हातात धरलेली मी पाहिली नव्हती.

८ मार्च, शनिवार

परीक्षा. अभ्यास. पोहण्याचा विषय बंद.

आज तिला वेणी घालताना दंडाला हात लागला. मऊ वाटलं थोडं. दाणे आहेत, पण टोकं बोथट झाल्यासारखी. लाली आहे तशीच. बोलले नाही. दृष्ट लागेल असं वाटलं. केमिस्ट्री शिकवते मी.

आईचा फोन रोज. "कशी आहे खसखस?" बाबांचा शब्द तिने कधी वापरला नव्हता आधी. ते असताना त्यांचाच होता तो.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

राजवाड्याकडे गेर, रंगाची मिरवणूक. इथपर्यंत ढोल ऐकू येतात. लहानपणी बाबा खांद्यावर घेऊन जायचे, त्याआधी अंगभर तेल चोपडायचे, म्हणजे रंग धरत नाही. कढईतल्या भज्यासारखी चकचकीत होऊन मी जायची. टँकरमधून उडालेला रंग वरून पावसासारखा यायचा आणि बाबांची टोपी गुलाबी व्हायची. ती टोपी आई वर्षभर धुवत नसे, पुढच्या पंचमीला परत तीच. आज ती कुठे असेल?

इराच्या मैत्रिणी खालून हाका मारत होत्या. जाऊ की नको चाललं होतं तिचं. मी तेलाची बाटली काढली. ती चुपचाप समोर बसली. दंड, मान, कानामागे. मग संजयचा जुना लांब बाह्यांचा कुर्ता घालून गेली.

परत आली तेव्हा ओळखू येईना. आणि बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या! निळा रंग नेमका एकेका दाण्यात बसलेला. दंडावर ठिपकेच ठिपके.

"मम्मा, बघ ना! भिया, ये तो पूरा तारामंडल हो गया।"

मला भिया म्हणाली, भाऊ! हसता हसता जमिनीवर बसली. मैत्रिणींनी पाहिलं का, विचारायचं होतं. विचारलं नाही. पाहिलं असणारच.

रंग निघायला घासू नको म्हटलं. "माहितीये गं," म्हणाली. "जाएगा अपने आप."

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. आई आली होती. तिचा काळा चष्मा गेला, आता साधा. सारखी सगळ्यांचे चेहरे बघते आणि म्हणते, तू बारीक झालीस, तू काळवंडलास. संजय म्हणाला, ऑपरेशन जरा जास्तच चांगलं झालंय.

जेवण झालं. श्रीखंडाने सगळे सुस्तावलेले. इरा फोन घेऊन आली आणि आमच्या सगळ्यांसमोर सरांना लावला. स्पीकरवर नव्हता, पण तिचं बोलणं ऐकलं.

"सर, नमस्ते। इरा बोल रही हूँ। ... जी, ठीक हूँ। सर, मैंने डॉक्टर को दिखाया था। ये फैलता नहीं है।"

थांबली. तिकडून काहीतरी.

"नहीं सर। साफ नहीं हुआ। होगा भी नहीं शायद। पर मुझे आना है।"

परत थांबली. यावेळी बराच वेळ. संजय उठून उभा राहिला, मी त्याचा हात धरला.

"उस लड़की की मम्मी आती है तो आने दो सर। मुझे उससे क्या।"

फोन ठेवला. सरांनी काय म्हटलं? "बोले, कल-परसों आ जाओ, देखते हैं."

"देखते हैं म्हणजे काय?" संजय.

"देखते हैं म्हणजे देखते हैं, बाबा." वाटीत उरलेलं श्रीखंड घेऊन गेली.

तिकडच्या इतर पालकांनी काही बोलायला नको. त्या मुलीच्या आईला मी ओळखतही नाही. तरी तिच्याशी दिवसभर मनात भांडून राहिले आहे. छान भांडते मी मनात.

आई जाताना म्हणाली, "तू चौदा वर्षांची असताना असा फोन करायला तुला जमलं असतं का?"

नसतं जमलं. मी कॉलेजभर कोपरापर्यंत बाहीचे ब्लाऊज शिवून घेतले. मेच्या उन्हात.

२ एप्रिल, बुधवार

अजून अंधार होता. इरा उठून तयार. म्हणाली, आज सायकल नको, सोड मला. एवढंच. मी गाऊनवर ओढणी घेऊन स्कूटर काढली.

रस्ते धुतलेले. पोह्यांची दुकानं उघडून राहिली होती, वाफ, जिलबीचा वास. मागे बसून तिने माझ्या कमरेला धरलं होतं, लहानपणी धरायची तसं दोन्ही हातांनी. सिलेक्शनला दोन आठवडे उरलेत. अडीच महिने पाण्यात नाही. दम राहिला असेल का, वेळ किती मागे पडली असेल, काही विचारलं नाही.

गेटपाशी उतरली. आतून मुलींचा आवाज. जॅकेट घातलेलं, चेन गळ्यापर्यंत. थोडा वेळ तशीच उभी. मला वाटलं, परत बसते की काय गाडीवर. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनाचा एक कोपरा म्हणून राहिला होता, बस गं बाई, घरी जाऊ, आजीकडे जाऊन चहा-टोस्ट खाऊ.

तिने चेन उघडली. जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. आत स्विमसूट होताच. गार वारा होता, दंडांवर काटा आलेला. त्यातला थंडीचा कोणता आणि आमच्या घरचा कोणता, कळत नव्हतं.

"तू जा, मम्मा. बघत बसू नको."

"बरं."

"खरंच जा."

गेली. दंड झाकले नाहीत, हातांची घडी घातली नाही. बॅग एका खांद्यावर. दारापाशी कोणीतरी एक मुलगी तिला बघून थबकली. ती नवी मुलगीच का, मला माहीत नाही, मी तिला कधी पाहिलेलीच नाही. दोघी आत गेल्या. बरोबर की मागेपुढे, तेही नीट दिसलं नाही.

मी जायला पाहिजे होतं. भिंतीच्या कडेला स्कूटर घेऊन उभी राहिले, जॅकेट कवटाळून. आत सरांचा आवाज, नावं घेऊन राहिले होते. तिचं घेतलं का? वारा उलटा होता.

मग शिटी. आणि पाण्यात उड्या पडल्याचे आवाज, एकामागून एक, धप्प, धप्प. किती पडल्या, त्यात तिची होती की नव्हती, भिंतीबाहेरून कसं कळणार.

शाळेला उशीर होत होता. स्कूटर सुरू केली.